मेहेरबानीची सही आम्ही केली नाही



या पानावर आपण मुलांच्या शिक्षणाविषयी, लग्नातल्या खर्चाविषयी, घरातल्या आजारपणाविषयी वाचत असता. आज आम्ही मोटारगाडीच्या एका दरवाजाविषयी लिहिणार आहोत. मोटारीचे दुखणे म्हणजे श्रीमंताचे दुखणे, असे कुणाला वाटेल. आम्हालाही पूर्वी तसेच वाटत असे. परंतु श्रीमंताची गाडी गंजली तर तो ती विकून दुसरी घेतो. कर्ज काढून आयुष्यात एकदाच मोठी वस्तू घेणाऱ्या माणसाला मात्र त्या वस्तूबरोबर मिळालेला कागद वाचावाच लागतो. म्हणून हा अनुभव आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आम्ही रत्नागिरीत एका कार्यालयाच्या लेखा शाखेत कारकून आहोत. शिक्षण बी.कॉम. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर टाचण लिहायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा आमचा वीस वर्षांचा क्रम. शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, शिधापत्रिका असो की निराधार योजनेचे प्रकरण असो, येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच गोष्ट सांगतो. अर्ज दिलात की पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. हा उपदेश आम्ही स्वतः कसा विसरलो, तेही पुढे येईलच.

आमच्या आईचे गुडघे गेली बारा-तेरा वर्षे दुखतात. रिक्षात चढता-उतरताना तिला फार त्रास होई. पावसाळ्यात रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे म्हटले की धावपळ उडे. म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या आठवड्यात, आम्ही एक लहान गाडी घेतली. किंमत ४ लाख ६८ हजार. त्यापैकी ३ लाख ७५ हजार बँकेचे कर्ज, साठ हप्ते. गाडी वस्तीत आली तेव्हा लहान मुले तिच्याभोवती गोल करून उभी राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या आत्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपल्या वाटेवर उभी राहिलेली पयली चारचाकी." आई मागच्या डाव्या दरवाजाने आत बसली. तेव्हापासून ती तिची ठरलेली जागा झाली.

२०२२ च्या जुलैत गाडी पुसताना त्याच मागच्या डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा फोड दिसला. रंग फुगला होता, पण फुटला नव्हता. पावसाळ्यामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिले. दिवाळीच्या आधी आमच्या मुलीने फडक्याने तो भाग जरा दाबून पुसला, तर रंगाचा पापुद्रा गळून पडला आणि बोट आत गेले. रुपयाच्या नाण्याएवढे भोक. उजव्या बाजूच्या मागच्या दरवाजालाही तसाच फोड आला होता. कर्जाचे सहा हप्ते अजून भरायचे होते.

खरे सांगायचे तर आधी आम्हाला राग आला नाही, लाज वाटली. तीन आठवडे आम्ही गाडी डावी बाजू भिंतीकडे करून लावत होतो. लोक म्हणतील, गाडी घेतली पण सांभाळता आली नाही. आईने एकदा विचारले, "गाडी रोज अशी उलटी का लावतोस रे?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

अखेर एका शनिवारी विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी खाली वाकून एकदा पाहिले आणि म्हणाले, "हा वरवरचा गंज आहे. समुद्राच्या हवेने होतो. हमीत बसत नाही." आम्ही म्हटले, "साहेब, आरपार भोक पडले आहे, वरवरचा कसा?" त्यावर ते हसून म्हणाले, "तुम्ही लोक गाडी घेता, पण ती ठेवायची कशी हे बघत नाही."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. हप्त्यावर गाडी घेणारे, असेही त्यांना म्हणायचे असेल. परंतु हे दोन शब्द आम्ही शाळेपासून इतक्या दारांत ऐकले आहेत की कानाला त्यांची सवय होऊनही मनाला झालेली नाही. त्या क्षणी लाज गेली. घरी येताना आम्ही ठरवले की भांडायचे नाही. कागद वाचायचा.

डॅशबोर्डच्या खणात गाडीची पुस्तिका होती. साडेचार वर्षांत ती आम्ही फक्त टायरची हवा पाहण्यासाठी उघडली होती. त्या रात्री ती एखाद्या लेखापरीक्षण अहवालासारखी वाचली. तिच्यात एक नव्हे, दोन हमी होत्या. पहिली संपूर्ण गाडीची, दोन वर्षांची. ती केव्हाच संपली होती. दुसरी केवळ पत्र्याची, सहा वर्षांची. पत्रा आतून बाहेर गंजत जाऊन त्याला आरपार भोक पडले तर तो भाग दुरुस्त करून अथवा बदलून देऊ, असे तिच्यात स्पष्ट छापले होते. खाली बारीक अक्षरांत अपवाद होते. वरवरचा गंज, दगड लागून उडालेला रंग, अपघातानंतरची दुरुस्ती, बाहेरून बसवलेले सामान आणि 'पर्यावरणीय कारणे'. शेवटी एक अट होती. वर्षातून एकदा अधिकृत वर्कशॉपमध्ये बॉडीची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घेतला पाहिजे.

म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबला. गंज बाहेरून आत गेला की आतून बाहेर आला?

याचे उत्तर आम्हाला उद्यमनगरातल्या एका डेंटर चाचांनी दिले. चाळीस वर्षे पत्रा ठोकणारा माणूस. त्यांनी आधी खिशातून लोहचुंबक काढला आणि दरवाजाच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवला. भोकाच्या काठापर्यंत चुंबक घट्ट चिकटत होता. "बघा," ते म्हणाले, "पुट्टी असती तर चुंबक सुटला असता. हा दरवाजा कधी ठोकलेला नाही, कंपनीचा आहे तसा आहे." मग त्यांनी आतले पॅनेल काढून टॉर्च मारला. आत सगळी कड तांबडी झाली होती. बाहेरचा रंग मात्र दोन बोटांवर नव्यासारखा चकचकीत होता.

त्यांनी जे समजावले ते इथे सांगतो, कारण ते प्रत्येक गाडीवाल्याच्या उपयोगाचे आहे. दरवाजा म्हणजे एक पत्रा नसतो, दोन असतात. बाहेरच्या पत्र्याची कड खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते. त्या दुमडीत पाणी शिरू नये म्हणून कारखान्यात तिच्यावर सीलंटची रेघ ओढतात. काचेवरून पावसाचे पाणी दरवाजाच्या पोटात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून खाली लहान भोके ठेवलेली असतात. सीलंटची रेघ कुठे तुटली किंवा पाणी जायची भोके चिखलाने बुजली, तर पाणी दुमडीत साचून राहते. आमच्या किनाऱ्यावर त्या पाण्यात हवेतले मीठही विरघळते आणि मिठाच्या पाण्यात लोखंड फार वेगाने गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून रंगाला ढकलतो आणि बाहेर फोड येतो. फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. पत्र्याला जस्ताचा थर दिला असेल तर जस्त आधी झिजते आणि लोखंड काही वर्षे वाचते. म्हणून कुठल्या गाडीला कुठे जस्ताचा थर आहे, हे घेतानाच विचारावे.

चाचांनी आमच्या दरवाजाची खालची भोके काडीने तपासली. ती मोकळी होती. त्याच दिवशी मुलीने तारीख दिसेल अशी अठरा छायाचित्रे काढली.

मग आम्ही आमच्या हातचे काम सुरू केले. विक्रेत्याला एक आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला एक, असे दोन अर्ज. विषय, संदर्भ, हमीचे पान, छायाचित्रे, मागणी. विक्रेत्याकडे आवक शिक्का घेतला, कंपनीला नोंदणीकृत टपालाने पाठवला. ही पोच या वेळी विसरलो नाही.

एकोणतीस दिवसांनी उत्तर आले. तीन कारणे देऊन मागणी नाकारली होती. एक, गंज बाहेरून आला आहे. दोन, समुद्राची खारी हवा हे पर्यावरणीय कारण आहे. तीन, २०२० सालच्या तपासणीचा शिक्का पुस्तिकेत नाही.

पहिल्या कारणाला आमच्याकडे चुंबक आणि छायाचित्रे होती. दुसरे कारण वाचून तर हसू आले. गाडी रत्नागिरीत विकली, भाट्याच्या खाडीचा वारा जिथे पोहोचतो अशा शोरूममध्ये विकली, नोंदणीही रत्नागिरीचीच. खाऱ्या हवेत ही हमी चालत नाही, असे पैसे घेताना कुणी सांगितले नव्हते. मांडवी, मिऱ्या, राजिवडा, मिरकरवाडा इथल्या माणसाला जी हमी लागूच होत नाही, ती त्याला विकताना हमी म्हणून कशी सांगितली?

तिसऱ्या कारणाला मात्र आमची मान खाली गेली. ते खरे होते. आमची तपासणी दर एप्रिलला असे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये वर्कशॉपला कुलूप होते. ऑगस्टमध्ये आम्ही गाडी सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा घाईत शिक्का घ्यायचा राहिला. दुसऱ्यांना पोच घ्या म्हणून सांगणाऱ्या माणसाने स्वतः शिक्का घेतला नव्हता. आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, रागावून काय होणार? त्या दिवशीचं बिल तरी शोधा." त्यांच्या सवयीमुळे घरातले प्रत्येक बिल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असते. बिल सापडले. त्याला जोडलेल्या जॉब कार्डावर 'बॉडी तपासणी' या रकान्यात बरोबरची खूण होती आणि खाली वर्कशॉपच्या माणसाची सही होती. टाळेबंदीत हुकलेल्या तपासण्यांची मुदत वाढवल्याचा संदेशही कंपनीने त्या वेळी आम्हाला पाठवला होता. मुलीने तो जुन्या फोनमधून काढून दिला.

हे सारे जोडून आम्ही दुसरे पत्र पाठवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. त्यानंतर पंधरा दिवसांत विक्रेत्याकडून फोन आला. आवाज एकदम गोड. "साहेब, या ना, चहा घेऊ."

चहाबरोबर एक कागद पुढे आला. दोन्ही दरवाजे बदलण्याचा अंदाजित खर्च ३८,४००. त्यातला निम्मा, म्हणजे १९,२०० रुपये, कंपनी 'केवळ सदिच्छा म्हणून' सोसायला तयार आहे. खाली आमच्या सहीची जागा. सहीच्या वर तीन वाक्ये होती. कंपनीची कोणतीही जबाबदारी नाही हे मला मान्य आहे. पुढे गंजाबाबत मी कसलीही मागणी करणार नाही. या सवलतीविषयी मी कुणाला सांगणार नाही.

वाचकहो, १९,२०० रुपये आम्हाला थोडे नव्हते. अडीच हप्त्यांची रक्कम. मुलगी त्या वर्षी बारावीला, तिच्या क्लासची फी डोक्यावर. आम्ही कागद घरी घेऊन आलो आणि जेवणानंतर सगळ्यांपुढे वाचला. प्रामाणिकपणे सांगतो, आमचे मन सही करून मोकळे होण्याकडेच झुकले होते.

पत्नींनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. म्हणाल्या, "पैसे आपल्याला हवेच आहेत. पण यात लिहिलंय की चूक त्यांची नाही. म्हणजे आपली. हे खरं आहे का?"

आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे बालपण खेड्यात, दुसऱ्यांच्या शेतावर गेले. ती म्हणाली, "आमच्या गावात सणाला पायली-दोन पायली भात सुपात घालायचे. मग वर्षाची मजुरी मागायला गेलं की म्हणायचे, सणाला दिलं नाय काय? माझा बापूस म्हणायचा, दिलेलं वेगळं आणि देणं वेगळं. सणाचं घेऊ नको, देणं माग."

आम्ही वीस वर्षे जमाखर्च लिहितो, पण हा फरक इतका स्वच्छ कुणी सांगितला नव्हता. देणगी आणि देणे हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, पण वहीत ते दोन वेगळ्या पानांवर पडतात. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दिली तर उपकार, नाही दिली तर तक्रार नाही. देणे मात्र फेडावेच लागते आणि ते फेडणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. ती कंपनी आपले देणे देणगीच्या पानावर लिहू पाहत होती, आणि त्या खोट्या नोंदीवर सही आमची हवी होती.

शिवाय ते तिसरे वाक्य. कुणाला सांगणार नाही. वर्कशॉपच्या फेऱ्यांत आम्हाला आणखी दोघे भेटले होते. लांज्याकडचे एक शिक्षक आणि मिरकरवाड्याचे एक मासळी व्यापारी. गाडी तीच, दरवाजा तोच, उत्तरही तेच. आम्ही तोंड बंद ठेवण्याची सही केली असती, तर त्या दोघांना काय तोंड दाखवले असते?

मुलीने त्या दिवसांत परदेशातले एक उदाहरण वाचून दाखवले. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या टॅकोमा इत्यादी मालवाहू गाड्यांच्या चौकटी गंजून खराब होत होत्या. मालकांनी एकत्र येऊन दावा लावला. २०१६ साली कंपनीने तडजोड मान्य केली. तिच्यात सुमारे १५ लाख गाड्या होत्या आणि खर्चाचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत होता. तिथेही गंज एकेका गाडीचाच होता. पण एकेकट्या मालकाला जे मिळवणे कठीण, ते अनेकांच्या एका दाव्याने मिळाले. आपल्याकडच्या कायद्यातही सारखीच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते.

आम्ही सही केली नाही. २०२३ च्या जूनमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. इथे काही गोष्टी मुद्दाम लिहितो, कारण कोर्ट म्हटले की आपल्या माणसाला खर्चाची धास्ती वाटते.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा झाला आणि तो २०२० च्या जुलैपासून अमलात आला. पूर्वी तक्रार सामान्यतः विरुद्ध पक्ष जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला तिथे करावी लागे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे आम्ही कंपनीच्या शहरात खेटे घालायचे नाहीत, कंपनीने आमच्या गावात यायचे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. आमची गाडी ४ लाख ६८ हजारांची, त्यामुळे फी शून्य. वकील लावणे सक्तीचे नाही, ग्राहक स्वतः आपली बाजू मांडू शकतो. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल केली पाहिजे. अर्ज-विनंत्यांत दोन वर्षे घालवली तर हक्क असूनही दार बंद होते.

आमच्या एका स्नेही वकिलांनी दोन सल्ले दिले. पहिला, नवी गाडी मागू नका. हमीत भाग बदलून देण्याचे वचन असेल तर संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटले आहे. म्हणून जेवढे वचन तेवढीच मागणी करा. दुसरा, न सांगितलेल्या अपवादाचा मुद्दा सोडू नका. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे की, जी अपवादाची अट ग्राहकाला कळवलीच नाही, तिचा आधार कंपनीला घेता येत नाही. गाडीची हमी आणि विमा एकच नव्हे, पण न्याय तोच, असे आम्ही तक्रारीत लिहिले.

आयोगापुढे पहिल्या दिवशी उभे राहताना पाय कापत होते, हे कबूल करतो. समोर काळ्या कोटातले दोन वकील आणि आमच्या हातात दोरीने बांधलेली फाईल. पण पहिला प्रश्न आला तो तारखेचा, दुसरा कागदाचा. तारखा आणि कागद हेच तर आमचे आयुष्य. पाय आपोआप स्थिर झाले.

पुढे दोन्ही पक्षांसमक्ष गाडीची पाहणी झाली. कंपनीच्या अभियंत्याने रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवले. आकडे सगळीकडे सारखे आले, म्हणजे दरवाजा पुन्हा रंगवलेला नव्हता. मग त्याने पाणी जायच्या भोकातून नळीसारखा बारीक कॅमेरा आत घातला. पडद्यावर दुमडीवरची सीलंटची रेघ दिसली. ती दोन ठिकाणी खंडित होती, आणि बरोबर तिथेच गंज होता. अभियंता तरुण होता. तो काही बोलला नाही, पण त्याने अहवालात जे दिसले तेच लिहिले. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, पण त्याच्याविषयी आमच्या मनात आदर आहे.

त्यानंतर आयोगाने दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. मध्यस्थीत कोण काय बोलले ते बाहेर सांगायचे नसते, म्हणून ते लिहीत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आयोगाच्या आदेशात जी तडजोड नोंदली गेली, तेवढी सांगतो. मागचे दोन्ही दरवाजे नवे बसवून, रंगवून, आतून गंजरोधक मेण मारून द्यायचे. पूर्ण खर्च कंपनी व विक्रेत्याचा. तक्रारीच्या खर्चापोटी आम्हाला ७,५०० रुपये. कारण म्हणून शब्द आहेत 'हमीच्या अटींनुसार'. सदिच्छा हा शब्द त्यात कुठेही नाही.

सगळेच मिळाले असे मात्र नाही. पुढच्या चाकाच्या कमानीलाही गंज होता. तो आमच्या पदरात पडला, आणि न्यायाने पडला. बाजारातून आणलेले मडफ्लॅप बसवताना आम्हीच पत्र्याला स्क्रूची भोके पाडली होती. तिथला गंज बाहेरूनच गेला होता आणि बाहेरून बसवलेल्या सामानाचा अपवाद पुस्तिकेत छापलेला होता. ते काम चाचांनी २,८०० रुपयांत करून दिले. जो हक्क आपला नाही तो मागू नये, हाही हक्काचाच भाग आहे.

लांज्याच्या गुरुजींनी आणि मासळी व्यापाऱ्यांनी आमच्या तक्रारीची प्रत नेली. गुरुजींचा दरवाजा नोटीस गेल्यावरच बदलून मिळाला. व्यापाऱ्यांची हमीची मुदत संपली होती, त्यांना काही मिळाले नाही. हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. दोन वर्षे आधी कुणी त्यांना पुस्तिका उघडायला सांगितली असती तर?

म्हणून शेवटी चार गोष्टी. शिवणयंत्र असो, शीतकपाट असो की गाडी असो, पैसे मोजण्यापूर्वी हमीचे पान वाचायला मागा आणि 'यात काय बसत नाही' हे आधी विचारा. उत्तर लेखी घ्या. दर तपासणीला शिक्का घ्या आणि जुनी बिले फेकू नका. गाडी असेल तर पावसाळ्यात दरवाजाखालची भोके काडीने मोकळी ठेवा, किनाऱ्यावर राहात असाल तर गाडीची खालची बाजूही गोड्या पाण्याने धूत जा, आणि रंगाला पहिला फोड दिसताच तारखेसह छायाचित्र काढून लेखी कळवा. तक्रार करायची वेळ आलीच, तर १९१५ वर फोन करा. आयोगात तक्रार आता ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्या. तोही त्यातून शिकेल.

नवे दरवाजे बसवून गाडी घरी आणली तेव्हा आम्ही ती नेहमीसारखी, डावी बाजू रस्त्याकडे करून लावली. आई काठी टेकत आली, दरवाजाच्या खालच्या कडेवरून तिने हात फिरवला आणि आत बसली. म्हणाली, "चल, जरा भाट्यापर्यंत जाऊन येऊ."

१९,२०० रुपयांचा तो सदिच्छेचा कागद अजून आमच्या फाईलीत आहे. सहीची जागा कोरी आहे. अर्ज लिहून घ्यायला कुणी आले आणि मध्येच म्हणाले की जाऊ द्या दादा, देतील तेवढे घेऊन गप्प बसू, तर आम्ही काही बोलत नाही. तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवतो.